कोल्हारहून पुण्याचं बिल्ड

२ फेब्रुवारी १९९८, सोमवार

आजपासून रोजनिशी. गावात बसून पुण्याची नोकरी करणारा पहिला माणूस कोण, असा प्रश्न पुढे कुणाला पडलाच, तर लेखी पुरावा हवा.

बहिणीच्या लग्नाला म्हणून कोल्हारला आलो. लग्न झालं, पाहुणे गेले, मी गेलो नाही. ऑफिसातला जुना कॉम्प्युटर आणि मोडेम टेम्पोतून मागवून घेतला. सायली मॅडम, म्हणजे आमच्या प्रोजेक्ट लीडर, आधी ऐकेनात. शेवटी ठरलं ते असं: फेब्रुवारीत सलग सात दिवस बिल्ड कुणी हात न लावता नीट झालं, तर मी कायमचा इथं. नाहीतर एक मार्चला पुण्यात हजर.

सात दिवस! मॅडमना वाटतंय फार अवघड अट घातली.

आईला आता एकटीला जमणार नाही. तिनं तसं म्हटलेलं नाही, पण मुलाला कळतं.

४ फेब्रुवारी

आईनं विचारलं, बिल्ड म्हंजे काय रं? सांगितलं: पुण्यात बारा जण एका बँकेच्या प्रोग्रामचे बारा तुकडे लिहितात. सप्ताहात घरोघरच्या भाकरी गोळा करतात ना, तसे ते तुकडे रोज सकाळी सहाला मशीन गोळा करतं आणि अख्खा प्रोग्राम बनवतं. आपोआप. आई म्हणाली, आपसूक हुतंय, मग तू काय करतो? म्हटलं, आपोआप होतंय ना, ते बघतो. ती भांडी घासायला निघून गेली. टेक्निकल गोष्टी सगळ्यांनाच झेपत नाहीत.

दहा वाजता फोनला मोडेम लावून पुण्याच्या मशीनमध्ये शिरलो. मोडेम किंचाळला, तशी शेजारच्या छबूबाई पळत आल्या, मांजर कशात अडकलं म्हणून. बिल्ड नीट झालेलं होतं. पण ते चालवणारी स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला दिलेल्या हुकमांची यादी! पुण्याच्या ऑफिसातल्या आमच्या चेतननं लिहिलेली, गबाळी. आठ ओळी उडवल्या. आता कशी सुटसुटीत दिसते.

५ फेब्रुवारी

बिल्ड फेल. चेतनच्या राहिलेल्या ओळींचा दोष. दुपारी त्यानं मी उडवलेल्या आठ ओळी परत घातल्या. माणसाला प्रगती सहन होत नाही.

संकल्प: रोज एकच बदल. तोही छोटा.

६ फेब्रुवारी

बिल्ड नीट. एक झाला, सहा राहिले. या आनंदात पाच छोटे बदल केले.

७ फेब्रुवारी

फेल.

१० फेब्रुवारी

आज कारण सापडलं. लाइनमध्ये खरखर आहे. मी फाईल उघडून टाईप करतो तेव्हा ती खरखर अक्षरं होऊन मध्येच घुसते. एका ठिकाणी सात महिरपी कंस आपोआप उमटले होते. म्हणजे दोष माझा नाही, टेलिफोनचा आहे. मॅडमना तसं कळवलं. त्या म्हणाल्या, मग लाइन खराब असताना टाईप करू नकोस. हातावर हात ठेवून बसायला मी काय सरकारी पाहुणा आहे?

११ फेब्रुवारी

छबूबाईंच्या अश्विनीचं सासर नेवाशाकडं. तिकडं आमचाच नंबर पी.पी. म्हणून दिलेला. (गल्लीत फोन एकच, आमचा. अर्ध्या गल्लीचे पाहुणे आमच्याच नंबरवर बोलतात.) आज तिचा नवरा घामाघूम होऊन एसटीनं आला. जिलेबीचा पुडा छबूबाईंच्या हातात ठेवून म्हणाला, मामी, परवा मुलगी झाली, दोन दिस झालं फोन लावतोय, पर तुमचा फोन सदा एंगेज.

छबूबाई आधी रडल्या, मग हसल्या, मग माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, माझ्या नातीचं तोंड बघायला दोन दिस उशीर झाला तुझ्या त्या मांजरापायी. आईनं मला जिलेबी दिली नाही.

वाईट वाटलं. पण प्रगतीची किंमत कुणीतरी मोजतंच.

१४ फेब्रुवारी

फेल. रोज फेल. मी दहाला दुरुस्त करतो, सकाळी सहाला पडतं. मग चेतन उभं करतो, म्हणून मला पुन्हा दुरुस्त करायला वाव मिळतो. टीमवर्क म्हणतात ते हेच.

खरं लिहायचं तर आज दोनदा कॅलेंडर मोजलं: एक मार्चला पंधरा दिवस. पुण्यातली ती कॉट बेसिसची खोली, मेसची ती पिवळी भाजी. इथं सकाळी ओट्यावर ऊन येतं, आई चुलीवरची भाकरी थेट ताटात टाकते. मला जायचं नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी चेतननं बिल्ड उभं केलं. मी लगेच शिरलो. यावेळी मोठी शस्त्रक्रिया: अख्खी स्क्रिप्ट नव्यानं लिहायची. दोन तास टाईप केलं. सेव्ह करणार, इतक्यात बाहेर कडाड! उसाची डबल ट्रॉली रस्त्यानं चालली होती, वरपर्यंत भरलेली. आमची टेलिफोनची वायर उसात अडकली आणि ट्रॉलीबरोबर कारखान्याकडं गेली.

दोन तासांचं काम गेलं. फोन मेला.

१८ फेब्रुवारी

लाइनमन गोरक्षनाथ यांना गाठलं. म्हणाले, गळीत हंगाम हाय, रोज आठ जागी वायर तुटत्यात, मी एकटा कुठं कुठं चढू? तुमचा लंबर लागंल तवा येतो. चहा पाजला. नंबर हलला नाही.

मॅडमना कळवलेलं नाही. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

२२ फेब्रुवारी

आजपासून बिल्ड नीट झालं तरच अठ्ठावीसला सात दिवस भरतात. आणि मी इथं आंधळा बसलोय. देखरेखीविना बिल्डचे काय हाल झाले असतील! एसटीडी बूथवाल्याला विचारलं, कॉम्प्युटर पोत्यात घालून आणू का? नको म्हणाला. जेवण जात नाही. आई म्हणते, चार भाकरी खाल्ल्या की तू. सवयीनं.

२५ फेब्रुवारी

शेवटी मन घट्ट केलं, बूथवरून मॅडमना फोन लावला. दहा दिवसांची मुदत मागणार होतो. त्याच आधी म्हणाल्या, अभिनंदन, अठरा ते चोवीस, सलग सात दिवस बिल्ड नीट.

 लगेच म्हटलं, स्क्रिप्टला मी शिस्तच तशी लावली होती. मॅडमनी विचारलं, आठवडाभर तू लॉग-इन का केलं नाहीस? म्हटलं, मुद्दाम. हात लावायचा नाही, असंच ठरलं होतं ना?  मॅडम म्हणाल्या, मी रेकॉर्ड काढलंय, ज्या ज्या दिवशी तू काही बदललंस, त्याच्या दुसऱ्या दिवशी बिल्ड पडलं, एकही दिवस सुटलेला नाही. वायरचं सांगावंच लागलं. त्या इतक्या हसल्या की बूथवाल्यालाही ऐकू गेलं. म्हणाल्या, महेंद्र, तू कोल्हारलाच राहा.

जिंकलो! गल्लीत पेढे वाटले. छबूबाईंनी दोन घेतले.

२६ फेब्रुवारी

नेमके आज गोरक्षनाथ आले आणि वायर जोडली. पहिलाच फोन मॅडमचा. मी उचलला. म्हणाल्या, आईंना दे. आई फोन दोन्ही हातांनी धरून नुसतं व्हय, व्हय, कळलं, अजाबात न्हाई, असं म्हणत होती. फोन ठेवला, मोडेमच्या वायरी उपटल्या आणि मोडेम लोखंडी पेटीत, तिच्या लग्नातल्या लुगड्याखाली ठेवला. किल्ली कडोसरीला. म्हणाली, तुझ्या बाईसायबांनी सांगितलंय. तू म्हनं आता कागदावर पुस्तक लिहायचं, प्रोग्राम कसा वापरायचा त्याचं, आन् पोस्टानं धाडायचं.

डॉक्युमेंटेशन. जबाबदारीचं काम आहे. एका अर्थी बढतीच.

२८ फेब्रुवारी, शनिवार

प्रोग्रामची दीड पानं लिहिली. मध्ये उठून अश्विनीच्या फोनसाठी छबूबाईंना दोनदा हाक मारून आणलं. पिठाच्या गिरणीवरून एकाला बोलावलं.

चारला मॅडमचा फोन. धावत जाऊन उचलला. आईंना दे म्हणाल्या. आईनं त्यांना सांगितलं, आता बरा हाय, जेवतो, झोपतो, मशीनचं नाव काढत न्हाई. मग माझ्याकडं न बघताच फोन ठेवून दिला.