पुकारणाऱ्याची पहिली बोली

मी, गोरक्ष मोतीराम पानगव्हाणे, वय अठ्ठ्याहत्तर, लासलगावच्या बाजार आवारातला निवृत्त लिलाव पुकारणारा, हल्ली राहणार इंदिरानगर, नाशिक, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. डॉ. अश्विन निकम यांनी तपासून डोक्यापुरता दाखला दिला आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही. धाक दाखवणारी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी आशा, आणि ती आता नाही.

वकिलांचा मसुदा एका पानात संपत होता. घर, ठेव, सही. पण घरावरून माझी मुलं भांडणार नाहीत, तेवढी ती शहाणी आहेत. हे मृत्युपत्र खरं तर आशाच्या सहा पुस्तकांसाठी आहे. ती कोणाकडे जावीत, या काळजीनं मला वर्षभर नीट झोप नव्हती.

कलम १. राहतं घर मुलगा संतोष आणि मुलगी निकिता यांना निम्मं निम्मं. बँकेतली ठेवही तशीच. संतोष इथेच राहतो आणि पंप दुरुस्तीचं दुकान चालवतो. निकिता पेठला शिक्षिका आहे, ती सुट्टीत येते. तिची खोली तिचीच राहावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणी निकितानं करावी, कारण संतोषला कोणाला नाही म्हणता येत नाही.

कलम २. पुढची खोली दर शनिवारी संध्याकाळी बैठकीसाठी उघडी राहावी. ही बैठक काय आहे ते वकिलांना कळलं नाही, म्हणून लिहितो.

लासलगावला लिलाव सुरू व्हायच्या आधी मी ट्रॅक्टरच्या सावलीत वाचत बसायचो. एकदा रावजी बोरस्ते, कांद्याचा व्यापारी, म्हणाला की वाचून झालं की मला दे. तेवढ्यात दुसऱ्या एका व्यापाऱ्यानंही हात पुढे केला. माल एक, गिऱ्हाइकं दोन, आणि मला तर एकच काम येत होतं. मी म्हटलं, पैशाची बोली नको, कारणाची लावा. हा लेखक तुम्हाला का हवा ते सांगा. ज्याचं कारण वजनदार, त्याचं पुस्तक. रावजी हरला आणि आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. तेव्हापासून तो माझा जिवलग मित्र आहे.

निवृत्तीनंतर तीच रीत मी इंदिरानगरला आणली. एक वार, दोन वार, तीन वार. नियम थोडेच. ‘छान लिहितो’, ‘भाषा ओघवती आहे’ असली कारणं गोल्टीत, म्हणजे बारीक कांदा बाजूला काढतात तशी बाजूला. बोली खोलीत बसूनच लावायची. उंबऱ्यावर उभ्या माणसाची धरली जात नाही. आणि पुकारणाऱ्यानं बोली लावायची नाही, कारण पुकारणाराच घेऊ लागला तर बाजारावर कोण विश्वास ठेवेल?

लेखकांना आम्ही आपापली नावं ठेवली आहेत. वकील म्हणाले खरी नावं लिहा. मी नाही लिहिणार. ज्यांना कळायला हवं त्यांना कळतं.

रावजीची विहीरवाली बाई. तो म्हणायचा, हिची माणसं उन्हात उभी असतात, वाचताना आपल्याला टोपी घालावीशी वाटते. आमच्या शेजारच्या रोशनीची एक कवयित्री आहे. तिचं कारण असं की कविता कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे वाचून होते आणि मग तिसरी शिट्टी ऐकूच येत नाही. त्या घरची डाळ का करपते ते आम्हाला त्या दिवशी कळलं. डॉ. अश्विनना खून लागतात, आणि खुनी शेवटच्या पानाआधी कळला तर ते पुस्तक परत करतात. निकिताचा लेखक जन्मभर प्रवास करतो आणि कुठेच वेळेवर पोचत नाही. पेठच्या घाटात एसटी बंद पडली की तो मला शेजारी बसलेला वाटतो, असं ती म्हणाली होती. ते पुस्तक तिला मिळालं, आणि बाप म्हणून नव्हे तर पुकारणारा म्हणून माझी छाती फुगली. किती चांगले शनिवार होते ते. मला आता त्यांचीच आठवण येते, बाकी आयुष्याची फारशी येत नाही.

कलम ३. माझे चुलतभाऊ मंगळू यांनी नेलेली पुस्तकं रद्दीत घातली आणि वर ‘जुनीच तर होती’ म्हणाले. त्यांना या घरातून एकही पुस्तक जाऊ नये. आले तर चहा द्यावा, बिनसाखरेचा.

कलम ४. माझी आरामखुर्ची रावजीला. माझ्या घरात तो तिच्यातच बसत आला आहे आणि मी स्टुलावर. आता उघडपणे घेऊन जावी.

कलम ५. आशाची सहा पुस्तकं. ही सगळी ‘टेसनमास्तर’ची, म्हणजे ज्याच्या सगळ्या गोष्टी एका लहानशा स्टेशनावर घडतात त्या लेखकाची. आशा दुपारी ती मला मोठ्यानं वाचून दाखवायची. रावजीनं तिसरं पुस्तक तिच्याकडून मागून नेलं ते परत दिलंच नाही. त्यावरून आमचं दर शनिवारी वाजायचं. आशा हसून सोडून द्यायची. ती गेल्यावर मी एकटाच भांडत राहिलो.

मुलगा वारस या रिवाजानं ही पुस्तकं द्यायची म्हटली तर संतोषला जातात. संतोषनं जन्मात पुस्तक उघडलेलं मी पाहिलेलं नाही. बैठकीला तो चहा आणतो आणि उंबऱ्यावरून परत जातो. त्याच्याकडे ती धूळ खातील, ही माझी भीती होती. म्हणून गेल्या महिन्यात मी त्यांचा लिलाव लावला, डोळे उघडे आहेत तोवर.

रावजीनं बोली लावली की पहिल्यांदा वहिनींना हा लेखक मीच दिला. रोशनीनं लावली की सासूबाईंच्या आजारपणात तिला आशाकाकूंनी हाच वाचून दाखवला होता. निकिता म्हणाली की आईचा आवाज विसरत चाललाय, तो या पुस्तकांत सापडेल असं वाटतं. याहून वजनदार कारण येणार नाही असं मला वाटलं. मी एक वार म्हटलं, दोन वार म्हटलं. तिसऱ्याला तोंड उघडलं आणि संतोषनं चहाचा ट्रे खाली ठेवला. आत आला, जमिनीवर बसला.

“तात्या, मला त्या मास्तरचं काय कळत नाय,” तो म्हणाला. “पण आई एका पानावर आली की हसायची. स्वयंपाकघरात ऐकू यायचं. शाळेतून आलो की मी दारात उभा राहून ते ऐकायचो. ते पान कोणतं, तेवढं मला हवंय. पान कळायला सगळी वाचावी लागली तर वाचेन.”

मी निकिताकडे पाहिलं, तिनं होकारार्थी मान डोलावली. मी तीन वार म्हटलं. सहाही पुस्तकं संतोषची. माझ्या पोराला मी इतकी वर्षं उंबऱ्यावर उभा पाहिला आणि तो काय ऐकतोय ते मला कळलं नाही, याचं वाईट वाटतं.

पण ते पान संतोषला दाखवता येईना. ते तिसऱ्या पुस्तकात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी रावजी स्कूटरवर आला, पिशवीतून पुस्तक काढलं आणि टेबलावर ठेवलं. मी विचारलं, इतकी वर्षं का दाबून ठेवलंस? तो म्हणाला, “परत दिलं असतं तर तू दर शनिवारी माझी वाट पाहिली असतीस का?” खुर्चीबरोबर माझी क्षमाही त्याला द्यावी.

कलम ६. बैठकीत सगळे मला विचारत आले, तात्या, तुमचा लेखक कोण? मी टाळत आलो, कारण पुकारणाऱ्याला बोली नाही. हे मृत्युपत्र उघडेल तेव्हा पुकारणारा मी नसेन. तेव्हा माझी बोली आता लिहून घ्यावी.

मला टेसनमास्तर आवडतो. त्याची एक ओळही मी स्वतः वाचलेली नाही, फक्त ऐकली आहे. तिसऱ्या पुस्तकातल्या त्या पानावर शेळी मास्तरचं हिरवं निशाण खाते. गाडी उभी, गार्ड ओरडतोय, आणि मास्तर बायकोचं वाळत घातलेलं हिरवं लुगडं ओढून फलाटावर धावत सुटतो. इथवर आली की आशाला हसू फुटायचं. पुस्तक पोटाशी धरून ती डोळे पुसायची, आणि ‘थांबा हो, सांगते’ म्हणायची. पुढचं कधी वाचलंच नाही. ती हसायची म्हणून मी हसायचो, आणि पुढे काय झालं ते विचारायचं राहून जायचं. पुस्तक आता घरात आहे, पण मी ते उघडलेलं नाही. मला ते वाचायचं नाही, ऐकायचं आहे.

म्हणून शेवटची इच्छा. दहाव्याला रामकुंडावर प्रवचन ठेवू नये. पिंडाला कावळा शिवत नसेल, तर घर सांभाळू, बैठक चालवू असली वचनं कोणी देत बसू नये, माझं त्यात काही अडकलेलं नाही. संतोषनं तिसरं पुस्तक काढावं आणि ते पान मोठ्यानं वाचावं. अडखळला तरी चालेल. हसू आलं तर हसून घ्यावं, मात्र तिथे थांबू नये. गाडी सुटली की नाही, तेवढं मला कळू द्यावं.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली. साक्षीदारांना मृत्युपत्रात काही देऊ नये असं वकील म्हणाले, म्हणून रोशनीची कवयित्री आणि डॉक्टरांचे खून मी आजच त्यांच्या हाती दिले.

सही: गोरक्ष मोतीराम पानगव्हाणे

साक्षीदार:
१. डॉ. अश्विन निकम, इंदिरानगर
२. सौ. रोशनी किशोर गांगुर्डे, इंदिरानगर

ठिकाण: पुढची खोली, इंदिरानगर, नाशिक
दिनांक: १४ जून २०२५, शनिवार, बैठकीच्या आधी