पुसायचं कापड

अण्णा,

आज दुपारी मला तुमची किळस आली. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं आणि चारचौघांत मीही तेच करतो. हाताला जादू होती, म्हणतो. ती होतीच. पण आज गॅलरीत माझ्या गाडीचा बंपर पुढ्यात घेऊन बसलो, थिनरचा वास नाकात शिरला आणि तुम्ही घशाशी आंबट यावं तसे वर आलात.

मनवेलपाड्याच्या चाळीतली आपली ती दीड खोली. आठवडाभर तुम्ही गॅरेजात रंग मारायचात आणि रविवारी तोच उद्योग घरी. गॅलरीच्या गजाला तारेने बंपर टांगलेला, जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर काढून तुम्ही जोडलेलं ते हवेचं यंत्र घरघरतंय, पॉलिश पेपरने घासल्याचं राखाडी पाणी मोरीत साचलंय. त्याच मोरीत आम्ही आंघोळ करायची, त्याच मोरीत आई तांदूळ धुवायची. भाताला थिनरचा वास यायचा आणि तो तुम्हाला येत नाही याचीच मला शिसारी यायची. तरी तुमचं शिकवणं मी विसरलो नाही, विसरता येत नाही. प्लॅस्टिक म्हणजे पत्रा नव्हे, आधी घासून खरखरीत केलं नाही आणि त्याचा वेगळा प्रायमर दिला नाही तर महिन्याभरात रंगाचे पापुद्रे निघतात. एकदा गाडीच्या आरशाच्या कव्हरवर रंगाचा ओघळ आला आणि मी, चांगला वीस वर्षांचा, पगार आणणारा मुलगा, तो बोटाने पुसायला गेलो. घासायचा लाकडी ठोकळा तुम्ही माझ्या बोटांवर मारलात. "ओल्या रंगाक बोट लावू नको. सुकांदे, मगे घास." त्या माराबद्दल माझी तक्रार नाही. तो बरोबर होता.

दुसरा नियम तेलाचा. जिथे तेलाचा अंश असेल तिथून रंग मागे सरतो आणि बारीक गोल खड्डे पडतात. कारागीर त्यांना डोळे म्हणतात. म्हणून रविवारी आपल्या घरी तवा चढत नसे. सगळ्या चाळीत मासे तळल्याचा वास सुटलेला असे आणि आपण पेज नि लोणचं खात असू. आई खाडीकाठची, तिला बोंबील म्हणजे जीव की प्राण. ती एवढंच म्हणायची, रंग सुकला की संध्याकाळी तळीन.

एका रविवारी गॅरेजच्या शेठच्या स्वतःच्या गाडीचा पांढरा बंपर होता. तुम्ही आंघोळ करून आलात, रोजच्यासारखं केसांना खोबरेल चोपडलंत आणि खिळ्यावरच्या कापडाला हात पुसलेत. तेच कापड घेऊन बंपरवरून शेवटचा हात फिरवलात. मी दारात पेपर वाचत बसलो होतो, मला दिसलं, पण कळलं नाही. कळलं ते रंग मारल्यावर. पांढऱ्या रंगात एकेक डोळा उघडत गेला, दहा, वीस, मग मोजायचं सोडून दिलं. तुम्ही रंगाचं पिस्तूल खाली ठेवलंत. कापड उचलून नाकाशी धरलंत. वास घेतलात, अण्णा. मग त्याची लहान घडी घालून पँटच्या खिशात कोंबलीत आणि आत वळलात.

"तुका कितीदा सांगलंय, रंगाच्या दिवशी तवो चढवचो नाय म्हणान?"

आई बोंबील रव्यात घोळवत होती. "तवो थंडच आसा अजून," ती म्हणाली.

"मगे काल तळलं असशीत. कालचा तेल हवेत ऱ्हवता."

शनिवारी घरात वरण होतं. तिने ते सांगितलं नाही. तुमच्याकडे पाहिलं, एकदा खाली पाहिलं आणि म्हणाली, "माजा चुकला." तेवढ्यानेही तुमचं भागलं नाही. ताट उचलून तुम्ही मोरीत उपडं केलंत. त्या राखाडी पाण्यात ते मऊ बोंबील पडलेले आणि आई खाली बसून एकेक वेचतेय, हे मला आत्ताही दिसतं. मी पेपरचं पान उलटलं. मला सगळं माहीत होतं आणि मी पान उलटलं.

बंपर मात्र तुम्ही काय सुंदर सुधारलात. दोन दिवस सुकू दिलात, प्रायमरपर्यंत घासलात, कोऱ्या कापडाने थिनर फिरवलात, मग रंगाचे हलके हलके हात दिलेत. शेठ त्यात भांग पाडून गेला म्हणे. आईने तुम्ही असेतो त्या घरात पुन्हा बोंबील आणले नाहीत, कुठल्याच वारी. तुम्ही गेल्यावर सहा महिन्यांनी एका रविवारी ती बाजारातून घेऊन आली, तवा हातात धरून उभी राहिली आणि मला विचारलं, "आज रंग नाय मा?" तेव्हा तुम्ही हाताशी असतात तर मी काय केलं असतं कोण जाणे.

आता आजचं. सोसायटीच्या गेटला बंपर घासला. गॅरेजवाल्याला कशाला द्यायचा, मी कोणाचा मुलगा आहे, अशी मिजास. स्प्रेचा डबा आणला, तुमच्या पद्धतीने घासला, प्रायमर दिला, सगळं रीतसर. रंग मारला आणि डोळे पडले. खरं सांगतो, जीभ माझी होती पण आवाज तुमचा होता. "काय तळत होतीस गं?" मी आत ओरडलो.

बायको पीठ मळत होती. "अरे, गॅस बंद आहे. पापलेटला मसाला लावून फ्रीजमध्ये ठेवलाय, बघ हवं तर."

"मग सकाळी काहीतरी केलं असशील."

माजा चुकला वगैरे म्हणाली नाही, ती तशी नाही. "ठीक आहे. खिचडी टाकते," म्हणाली आणि पीठ झाकून ठेवलं. मला माझीच इतकी घाण वाटली की गॅलरीचं दार लावून घेतलं. कारण ओरडायच्या आधी मी बंपर पुसलेल्या कापडाचा वास घेतला होता. सकाळी मीही खोबरेल लावतो, अण्णा. तुमच्याच बाटलीतलं नाही एवढंच.

दार लावताना आई हॉलमधून बोलली. तिला आता नीट दिसत नाही, दिवसभर खुर्चीत असते. टीव्हीवरून तोंड न वळवता, हळूच, "कापड खंय आसा?" एवढंच विचारलं.

म्हणजे तिला तेव्हाही माहीत होतं. बोंबील वेचताना, माजा चुकला म्हणताना, तुमच्या ताटात पुढची कितीतरी वर्षं भात वाढताना.

ओली चूक पसरते, सुकल्यावर घासून काढता येते, हे तुम्ही शिकवलंत. त्या कापडाचं काय करायचं ते शिकवलं नाहीत. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, बंपरखालच्या रद्दीतच जाईल. आत कुकरची तिसरी शिटी झाली. आईला मी, "कुठलं कापड?" असं म्हणालो. ते माझ्या खिशात आहे.