दोन पेपर, एक मोर्चा

कोरगाव, पेडणे
२० जानेवारी १९८७

चि. बाबलीस,
ताईचे आशीर्वाद.

तू बरा असशील असं धरून चालते. गुडघे सोडले तर आई ठीक आहे. काजूला मोहोर चांगला आलाय. गणेशचवथीला तू भांडून मडगावला गेलास, त्यानंतर मी लिहिलं नाही, तूही नाहीस. "घरांत कोंकणी उलयता आनी वर्गांत मराठी शिकयता, लज ना तुका?" घरी कोंकणी बोलून शाळेत मराठी शिकवते म्हणून तू माझी लाज काढलीस, ते अजून लागतं मला. पण आज तो विषय नको. भांडायचंही त्राण उरलेलं नाही बघ.

तुला ठाऊक आहे, पहिल्या तासाला मी मुलांना पेपर वाचून दाखवते. पुस्तकातला गोवा मुक्त होतो आणि तिथंच थांबतो, पुढचं पोरांना कोण सांगणार? गेल्या दिवाळीपासून मी पुठ्ठ्यावर एकाच बातमीची दोन कात्रणं लावू लागले. एक मराठी पेपरातलं, दुसरं तू बातम्या लिहितोस त्या कोंकणी पेपरातलं. तुमचा पेपर बसचा कंडक्टर म्हापशाहून आणून देई. मुलांनी दोन्ही वाचायचं आणि दोन्हींत सारखं काय ते शोधायचं. जे सारखं, ते बहुतेक खरं. एवढीच माझी शिकवण. पोरं रमायची रे त्यात, आणि मीही.

मग मराठीला राजभाषा करा म्हणून पणजीला मोर्चा निघाला. मराठी पेपरात माणसं दहा हजार, तुझ्या बातमीत हजारही नाहीत. तुझं नाव मी कापूनच लावलं होतं. तरी पोरांनी विचारलंच, "बाई, खोटां कोण सांगता?" मी दमलेली होते, डोकं चालत नव्हतं. म्हटलं, आपल्या गावातली माणसं गेली होती ना, घरी विचारून या.

आमच्या शाळेच्या कमिटीवर गोकुळदास आहेत. डिचोलीच्या खाणीवर त्यांचे ट्रक चालतात, त्याच ट्रकांतून गावची माणसं मोर्चाला गेली. त्यांची हर्षा माझ्या वर्गात. या बयेनं पाहुण्यांसमोर बापाला विचारलं, ट्रक किती होते, एकात माणसं किती मावतात, आणि बाकीच्या गावांतून किती आले. बापानं आधीच छाती काढून दहा हजार सांगितले होते. पोरीनं तिथंच गुणाकार केला, चार हजारांवर माणूस भरेना. दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहून म्हणते, "बाई, दोनूय पेपर चुकले." इतका चांगला तास मी उभ्या नोकरीत घेतला नव्हता.

त्याच संध्याकाळी कमिटी बसली. हेडमास्तर मान खाली घालून होते. त्यांना दोष देत नाही, त्यांनाही पोरंबाळं आहेत. कोंकणी पेपर बंद करा, आणि भावाच्या सांगण्यावरून लावला असं लिहून द्या, कमिटीवाले म्हणाले. पहिलं मी केलं असतं, तुझ्यापासून काय लपवू? दुसरं कसं लिहू? तू तर माझ्याशी बोलतही नव्हतास.

मी मराठीचीच आहे, बाबली, आणि राहणार. मोर्चालाही निघाले होते, आईचे गुडघे आडवे आले. कमिटीत हे सांगितलं तर गोकुळदास म्हणतात, "मग भावाचो पेपर कित्याक लायलो?" मी काही लिहून दिलं नाही.

तेव्हापासून मला शाळेत जायची बंदी आहे. आईला सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन निघते आणि काजूच्या बागेत जाऊन बसते. हे पत्रही तिथंच लिहितेय. शाळा सुटायच्या वेळेला घरी जाते. आई विचारते, "आज पोरांक कितें वाचून दाखयलें गो?" मग मी मनानं एक बातमी रचते आणि सांगते. काल तिला ती इतकी आवडली की शेजारणीला सांगायला गेली. मला रडू आलं.

एक मागते. हे छापू नकोस. कोंकणी पेपर वाचला म्हणून बाईंना घरी बसवलं, ही बातमी तुझ्या संपादकाला हवीच असेल, आणि ती खरीही आहे. पण दुसऱ्या दिवशी मराठी पेपरात भलतंच येईल, आणि हर्षा दोन्ही समोर घेऊन बसेल. तिला घरी आधीच बोलणी बसताहेत.

रविवारी ये. आईला एकटीनं सांगायचं धाडस माझ्यात नाही. तू नुसता शेजारी बस, सांगेन मीच. तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही, तरी ये. दुसरं कुणाला बोलावू?

तुझी ताई,
वत्सला