शेवटची अर्धी बादली

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मानेला पट्टा लावून जेवढं वाकता येतं तेवढं, उरलेलं तू समजून घे.) ‘सौ.’ मी गेली सहा वर्षं लिहीत नाही, आणि आईने विचारलं की पाकिटावर जागा पुरली नाही म्हणून सांगतो. तुझा गुडघा कुरकुरत नसेल आणि तुझ्या वरच्या मजल्यावरच्या बाईंनी पहाटे फर्निचर सरकवायचं थांबवलं असेल, अशी आशा आहे. इकडे आम्ही ठीक आहोत. हे वाक्य मी प्रत्येक पत्रात लिहितो, पण ह्या खेपेला लिहून पाच मिनिटं त्याच्याकडे बघत बसलो, तेव्हा तू ते बेतानेच खरं मान.

फोन असताना पत्राचा घाट कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मला मध्येच तोडतेस. हे मध्ये तुटलं तर पुन्हा सांगायचा धीर मला होणार नाही.

अप्पांचं स्वरयंत्र काढल्याला परवा साडेतीन महिने झाले. जखम भरली, वजन दोन किलोने वाढलं, आणि स्वभावात डॉक्टरांना काहीही फरक पाडता आला नाही. हातात एक पांढरी पाटी आणि काळं पेन असतं. पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला माणूस, पाटी हातात आल्यावर आजारी राहील कसा? काल मी विचारलं, दुखतंय का. त्यांनी ‘नाही’ लिहिलं, मग औषधांच्या वेळांचा माझा कागद ओढून घेतला, त्यातल्या तीन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि परत दिला. तुला आठवत असेल, त्यांच्या तासाला पठारं व्हायची, नद्या व्हायच्या, एखाद्या नदीवरून त्यांचे सासरे निघायचे (आपले आजोबा, पण वर्गात त्यांचा उल्लेख ‘एक हट्टी गृहस्थ’ असा असे), आणि मुद्दा यायचा तो घंटेबरोबर. त्याच्या आधी ‘मुख्य म्हणजे’ यायचं. ‘मुख्य म्हणजे’ कानावर पडलं की पोरं वह्या उघडायची. आता पाटी लहान, म्हणून मुद्दा दोन शब्दांत. आई म्हणते, लग्नातच ह्यांना पाटी दिली असती तर माझ्या निम्म्या दुपारी वाचल्या असत्या. म्हणते, आणि आत निघून जाते.

ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात इस्पितळातल्या बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी एक रेकॉर्डर दिला. आवाज जायच्या आधी घरच्यांसाठी काय ठेवायचं ते ह्यात ठेवा, म्हणाल्या. अप्पा स्वयंपाकघराचं दार लावून तीन दुपारी आत बसले. एक दुपार आईची, एक माझी, एक तुझी. तुझी सगळ्यात लांब होती, हे मी दाराबाहेरून घड्याळ लावून पाहिलंय (ह्या वयातही असलं बघतो, काय करू). तू आली नव्हतीस, आणि का, ते ह्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी तू नवऱ्याचं घर सोडून बॅग घेऊन दारात उभी राहिलीस आणि अप्पा म्हणाले, परत जा. तू परत गेली नाहीस, आणि आतही आली नाहीस.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. बाईंचं यंत्र इतकं जुनं की त्यातला आवाज कॉम्प्युटरवर उतरवायची सोय केव्हाच बंद पडलेली. बाई म्हणाल्या, राहू द्या, आठवडाभर यंत्रावरच ऐका. मी म्हटलं, छे, पंचवीस वर्षं मी दुसरं करतो काय? ऑफिसात मी मोजणीच्या यंत्रांतून आकडे वाचून घ्यायचे प्रोग्राम लिहितो, आणि आवाज म्हणजे तरी शेवटी आकड्यांची लांबच लांब रांगच. एका संध्याकाळी बसून लिहिला प्रोग्राम.

हे नीट समजून घे, कारण चूक इथे आहे. नळाला पाणी येतंय आणि ते अंगणातल्या पिंपात न्यायचंय. तू चमचा चमचा नेत नाहीस. बादली भरतेस, ओततेस, पुन्हा भरतेस. कॉम्प्युटरही तेच करतो. एकेक आकडा वाचून एकेक लिहीत बसला तर जन्म जाईल, म्हणून मध्ये एक बादली ठेवतात. आमच्यात तिला बफर म्हणतात. बादली जितकी मोठी तितक्या खेपा कमी, आणि मी पडलो मोठ्या ऐटीचा, म्हणून मी बारा सेकंदांचा आवाज मावेल एवढी बादली घेतली. आता शेवटची बादली कधी भरत नाही. नळ जातो तेव्हा ती अर्धी असते, पाऊण असते. ती ओतायची आणि मग थांबायचं, एवढंच. मी प्रोग्रामला सांगितलं, बादली पूर्ण भरली नाही म्हणजे नळ गेला असं समज आणि थांब. ओतायची ओळ त्याच्या खाली लिहिली. तो बिचारा सांगितल्यासारखा थांबला, अर्धी बादली हातात धरून, आणि ती न ओतताच बादलीसकट नाहीसा झाला. (ऑफिसात ही चूक दुसऱ्याच्या कामात सापडली तर मी त्या माणसाला चहासुद्धा विचारत नाही.)

तिन्ही फाइली उघडून पाहिल्या. पहिल्या अर्ध्या मिनिटात अप्पा खाकरतात, खुर्ची ओढतात, सुरू करतात. आवाज स्वच्छ. शेवटपर्यंत तपासायला वेळ नव्हता, कारण रेकॉर्डर पुढच्या पेशंटला हवा होता. तुझी फाइल तुला पाठवली आणि रेकॉर्डर माझ्या हाताने पुसला. दोनदा पुसला, म्हणजे अप्पांचं खाजगी कुणाच्या कानावर जायला नको. एवढा चोख मी आयुष्यात दुसऱ्या कशात वागलेलो नाही.

मग गेल्या रविवारी तुझा फोन आला. तू म्हणालीस, तीन महिन्यांनी धीर करून ऐकलं, शेवटपर्यंत ऐकलं. आजोबा झाले, नद्या झाल्या, माझं लहानपण झालं, ‘मुख्य म्हणजे’ म्हणाले, आणि बंद केलं त्यांनी. तेवढं एक वाक्य म्हणवलं नाही ना त्यांना, म्हणालीस. आता मी काही येत नाही, म्हणालीस, अगदी शांत आवाजात, आणि फोन ठेवलास.

पण ताई, अप्पा आणि ‘मुख्य म्हणजे’ म्हणून खाली बसतील? घंटा झाल्यावरसुद्धा ते कधी बसले नाहीत. मी फाइलींची लांबी पाहिली. तुझी सहा मिनिटं चोवीस सेकंद. आईची चार मिनिटं बारा. माझी दोन अठ्ठेचाळीस. सेकंद करून बाराने भागून बघ. तिन्हींना निःशेष भाग जातो. माणूस काही बाराच्या पाढ्यात बोलत नाही.

आईचं निरोपाचं बोलणं ‘आणि मुख्य म्हणजे, गॅसचं’ इथे तुटलंय, आणि तेव्हापासून ती दिवसातून चार वेळा गॅसचं बटण बघून येते. माझं ‘तुझ्याबद्दल मला एकच’ इथे. एकच काय, ते मी रोज आंघोळ करताना ठरवतो. बहुतेक वेळा तक्रार निघते.

तुझं तुटलं ते त्यांनी तोडलेलं नाही. मी तोडलं. अप्पांना हे अजून सांगितलेलं नाही. तूर्त एवढंच. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा
धाकटा

ता. क. : शेवटपर्यंत तपासायला वेळ नव्हता असं वर लिहिलंय, ते खोटं. दुपार अख्खी मोकळी होती. अर्ध्या मिनिटानंतर मला तो आवाज ऐकवेना, म्हणून बंद केला.

ता. क. २ : पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो आणि काल अप्पांना सांगितलं. बादलीसकट सगळं सांगितलं. मला वाटलं, आता वेलांट्या निघणार. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग लिहिलं, ‘म्हणजे तिने ऐकलंच नाही?’ ताई, साडेतीन महिने ह्या माणसाला वाटत होतं की तू ऐकलंस, आणि ऐकूनही आली नाहीस. एकदाही त्यांनी तुझी चौकशी केली नाही म्हणून मी मनातल्या मनात त्यांना काय काय बोललोय, ते इथे लिहीत नाही.

ता. क. ३ : मी म्हटलं, काय म्हणाला होतात ते सांगा, पत्रात घालतो. त्यांनी लिहिलं, ‘तुझ्या हातून नको.’ (बरोबर आहे.) मग पाटी पुसली, माझ्याकडे पाठ केली, काहीतरी लिहिलं, दीड-दोन ओळी असतील, आणि पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली. आईलाही हात लावू देत नाहीत. कालपासून दुसरं काही लिहायला ती पाटी घेतच नाहीत. वही आणून दिली तर बाजूला सारली. तेव्हा जमेल तितक्या लवकर निघ. इकडे त्यांना चहात साखर कमी पडली हेसुद्धा सांगता येत नाहीये, आणि ते तसाच पितायत.