दाढ अजून जागेवर आहे

भुशी, लोणावळा
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

चि. समीक्षा हिला,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस. जबडा दोन बोटांपलीकडे उघडत नाही आणि फोनवर मी काय बोलतो ते माझं मलाच कळत नाही. हात तेवढा शाबूत आहे. बाकी सर्व क्षेम. धरणावरचे पर्यटक आटले, त्यामुळे शेजारच्या भागुबाईंच्या टपरीवरची भजी आता आम्हा गावकऱ्यांच्याही वाट्याला येतात. मला चावता येत नाहीत, तो भाग वेगळा.

तुझा मेसेज वाचला. ‘बाबा, भागूमावशी सांगतात तुम्ही भर सकाळी पिऊन घरी आलात. ते खोटं आहे हे मला कळतं. पण अतुल म्हणतो, तुम्ही दाढ न काढताच त्याच्या खुर्चीतून उठून गेलात. मुळात माझ्याकडे का नाही आलात? माझ्या हातांवर विश्वास नाही का?’

आयुष्यभर संस्कृतच्या उत्तरपत्रिका तपासल्या, लिहायची वेळ आता आली. सोप्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

अतुल तुझा डेंटल कॉलेजातला वर्गमित्र, गुणी मुलगा. त्याने खालच्या दाढेशी इंजेक्शन दिलं आणि ‘सर, बधिर होऊ दे, आलोच’ म्हणून तो पलीकडच्या खोलीत गेला. समोर ट्रेमध्ये त्याची हत्यारं ओळीने मांडलेली. तिकडे बघायचं नाही म्हणून मी मनात विभक्ती चालवायला घेतली. रामः, रामौ, रामाः. षष्ठीपर्यंत नीट गेलो. सप्तमीला मी जिना उतरत होतो, गळ्यात अतुलचं ते कागदी लाळेरं तसंच.

खाली जानूची रिक्षा उभी होती. त्याला ‘भुशी’ म्हणायला गेलो. ओठ मिटल्याशिवाय ‘भ’ निघत नाही, हे पोरांना वर्षानुवर्षं सांगत आलो. त्या दिवशी सिद्ध झालं. तोंडातून ‘हुशी’ निघालं, मागोमाग लाळ.

‘आरं द्येवा!’ जानू म्हणाला. ‘गुरुजी, तुमी बी? आन् सकाळच्या पारी?’

मी मान डोलावली.

‘किती घेतली?’

मी एक बोट वर केलं.

‘एकात ह्यो हाल? झेपत न्हाई तर कशापायी घेता वो?’

ते बोट इंजेक्शनचं होतं, असं तुला सांगितलं तर खोटं होईल. खिशात पेन होतं. पण ते काढलं असतं तर ‘घाबरून पळालो’ असं लिहावं लागलं असतं. त्यापेक्षा दारुडा ठरणं मला सोपं वाटलं. पुढचं काम जानूने आणि भागुबाईंनी मन लावून केलं.

त्याच रात्री गाल सुजला. अतुलने पाठवलेल्या गोळ्यांनी सूज थोडी उतरते आहे, पण दाढ काढली नाही तर सूज गळ्यापर्यंत जाईल आणि मग पुण्याला इस्पितळातच न्यावं लागेल, असं त्याने काल बजावलं. काल जेवताना घोट अडकला. तेव्हापासून मी थट्टा जरा जास्तच करतो आहे, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

राहिला तुझा खरा प्रश्न.

मी तुझ्याकडे आलो होतो. अतुलच्याही आधी. लोकलने बेगडेवाडीला उतरलो, तुझ्या दवाखान्यासमोर रस्त्यापलीकडे उभा राहिलो. पाटी वाचली; शुद्धलेखन ठीक आहे. काचेतून तू दिसलीस. खुर्चीतल्या म्हातारबाबांनी तुझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. तू ते सोडवून घेत नव्हतीस, नुसती हळूहळू बोलत होतीस. तुझ्या हातांविषयी मला शंका असती, समी, तर मी आत आलो असतो आणि ‘बघू, काय शिकलीस’ म्हणून ऐटीत बसलो असतो. शंका उरली नाही, म्हणून परत फिरलो. तिथे मीही मनगट धरलं असतं.

आईच्या शेवटच्या आजारात तू सारखी माझ्या तोंडाकडे बघायचीस. मी मख्ख बसलेला दिसलो की तुझा जीव भांड्यात पडायचा. त्या चेहऱ्यावर तू विसंबलीस. तोच चेहरा तुझ्या दिव्याखाली आ वासून, डोळ्यांतून पाणी गाळत बसलेला तू बघावास, हे मला सोसवेना. तेव्हाचा मख्खपणा खरा होता का, असं मात्र विचारू नकोस. विचारशीलच, म्हणून सांगतो. नव्हता. तेव्हाही मी असाच भ्यालो होतो.

गुरुवारी सकाळी येतो. रस्त्यापलीकडे थांबणार नाही. खुर्चीतून मी उठेन, हे धरून चाल. दाराला कडी घालू नकोस, मदतनिसाला मागे धाडू नकोस. फक्त हाक मार. थांबेन याची हमी देत नाही. पण तू हाक मारलीस आणि मी पुढे निघून गेलो, असं अजून तरी झालेलं नाही.

मनगट मोकळं ठेव.

भ्यालेला,
तुझाच बाबा