आईची मुलाखत, दहापैकी चार

४ नोव्हेंबर
परिपत्रक आलं. नववीच्या मुलांनी म्हणे 'घरातल्या माणसाचा इतिहास' लिहायचा. एकाची मुलाखत, चार पानं, दहा गुण. वर बसलेल्या कुणा उंटावरच्या शहाण्याला सुचलं असणार. ज्यांना शतक म्हणजे फक्त क्रिकेटमधलं ठाऊक, ती पोरं इतिहास लिहिणार!

हेडमास्तर खूश. फोटो निघाला की त्यांना काहीही चालतं. "सर, मुलांना बोलतं करा." अहो, गप्प कशी करायची ते सांगा आधी.

६ नोव्हेंबर
नववी ब. फळ्यावर लिहून दिलं — पुरावा हवा. दोन्ही बाजू हव्यात. ऐकीव गप्पा नकोत. त्रेचाळीस माना डोलल्या. एकाच्या तरी डोक्यात शिरलं असेल तर शपथ.

तिसऱ्या बाकावरून हात वर. या मुलीला मी मनात शंकाबाई म्हणतो. "सर, दुसऱ्या बाजूचा माणूस सापडलाच नाही तर?"

"तर तो इतिहास नाही. गाऱ्हाणं!"

वर्ग हसला. बरं सुचलं.

७ नोव्हेंबर
चित्रकलेचे मास्तर म्हणतात, त्यांच्या तासाला मुलं "फुलतात". फुलू देत बापडी.

१७ नोव्हेंबर
वह्या आल्या. देवा! एकानं आजोबांची मुलाखत म्हणून मोबाईलवरून कुठल्याशा राजाचं चरित्र उतरवलंय. आजोबांनी तीन लढाया जिंकल्या आणि घोड्यावरून पडून वारले. खाली आजोबांचीच सही! एकीनं काकूला विचारलं, आवडता रंग कोणता. चार पानं रंग!

मोठ्यानं वाचून दाखवत होतो. बायको म्हणाली, "इतका राग येतो तर शिकवता कशाला?"

राग नाही येत. कीव येते. तीस वर्षं पालथ्या घड्यावर पाणी ओततोय.

१८ नोव्हेंबर
शंकाबाईची वही. आईची मुलाखत. आई बाजारामागच्या गल्लीत शिवणकाम करते. पोरीनं आईचं माहेरचं नाव, वय, तारीख, सगळं वर नीट लिहिलंय. अक्षर टपोरं.

प्रश्न — शाळा का सोडलीस?

उत्तर — नववीत होते. याच शाळेत. इतिहासाच्या सरांनी घरून निबंध लिहून आणायला सांगितला, युद्धाचे परिणाम. मी लिहिलं, कोण जिंकलं ते पुस्तकात आहे, पण नंतर विहिरी कोणी उपसल्या ते नाही. सरांनी वर्गात वाचून दाखवला. सगळे हसले. सर म्हणाले, हे तुझ्या डोक्यातलं नाही, कुणाकडून लिहून आणलंस? आणि फाडला. मीच लिहिला होता. दुसऱ्या दिवशी गेले नाही. वाटलं, कुणी बोलवायला येईल. कुणी आलं नाही.

खाली पोरीची टीप — 'ते सर आता शाळेत नाहीत, असं आई म्हणाली. म्हणून दुसरी बाजू घेता आली नाही.'

पुरावा शून्य. एकतर्फी. रडगाणं. दहापैकी चार.

त्या काळी इतिहासाला आम्ही दोघं. मी नवखा, आणि थोरले सर. ते जाऊन आता नऊ वर्षं झाली. तोंडाचे फार फटकळ. त्यांचंच काम.

२० नोव्हेंबर
वह्या वाटल्या. शंकाबाई टेबलापाशी आली. रडली नाही. "सर, पुरावा मिळाला तर गुण वाढतील?"

"आण की."

"एकतीस वर्षांपूर्वीचं हजेरीपत्रक ऑफिसात असेल ना?"

काय ही आगाऊ जात! म्हटलं, मुलांना तिथे जाता येत नाही. मी बघतो. तिचं तोंड बंद व्हावं म्हणून म्हटलं, दुसरं काही नाही.

२१ नोव्हेंबर
मधल्या सुट्टीत क्लार्ककडून जुन्या दप्तरांच्या खोलीची किल्ली घेतली. तो कुरकुरला — "सर, तिथे झुरळांशिवाय कुणी जात नाही." फाटके नकाशे, मोडका पृथ्वीगोल, खाली गठ्ठे. नववीचं सापडलं. नावही सापडलं. ऑगस्टच्या नऊ तारखेपर्यंत हजर, हजर, हजर. मग सलग गैरहजर. मग लाल शाईत — 'नाव कमी केले.'

अक्षर माझं. खाली सही माझी. वर्गशिक्षक मी, इतिहासही मीच. थोरले सर त्या वर्षी दहावीलाच होते, तेही गठ्ठ्यातल्या वेळापत्रकात लिहिलंय.

घंटा झाली ती ऐकूच आली नाही.

२२ नोव्हेंबर
आठवत नाही. खरंच आठवत नाही! चेहरा नाही, निबंध नाही, फाडल्याचा आवाज नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या तहाची कलमं झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. ही मुलगी नाही.

आणि हे असं एकदाच केलं असेल? किती वह्या फाडल्या? पोरं हसली की मला बरं वाटतं, हे खरं आहे. कालपरवापर्यंत वाटत होतं.

बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मला काय सांगताय? तिला जाऊन सांगा."

२४ नोव्हेंबर
शाळेत गुण बदलले. चाराचे दहा. शंकाबाईनं विचारलं, "पुरावा मिळाला?" हो म्हटलं. "मग ते सर कोण?" म्हटलं, उद्या सांगतो. उद्या! छप्पन्न वर्षांचा घोडा, चौदा वर्षांच्या पोरीला घाबरतो.

२५ नोव्हेंबर
तास सुरू होण्याआधी शंकाबाईच्या आईच्या शिवणाच्या दुकानात गेलो. ती मशीनवर होती. उठली, स्टूल पुसून दिलं. मी बसलो नाही. एका दमात म्हणालो — ते सर शाळा सोडून गेलेले नाहीत. तो मीच.

तिनं दातातला दोरा तोडला.

"माहीत आहे, सर. पहिल्या पालकसभेलाच ओळखलं." मग हलक्या आवाजात, "तुमचं नाव पोरीला मुद्दामच सांगितलं नाही. अजून दीड वर्ष तुमच्या हाताखाली काढायचंय तिला."