मुदत संपल्यावरचा दसरा

कर्वेनगर, पुणे
गुरुवार, १० ऑक्टोबर २०२४

प्रिय दिग्विजय यांस,

सप्रेम नमस्कार.

पूर्वी तुम्हाला पत्र लिहायची वेळ आली असती, तर ‘जावईबापू’ लिहून मोकळा झालो असतो. आता मायन्यात काय लिहावं, यात सकाळपासून दोन कागद फुकट गेले. मंदाकिनी म्हणाली, “माणसाला नाव आहे ना, ते लिहा. सरकारी टपाल आहे का?” म्हणून नाव लिहिलं.

फोन का केला नाही, असं तुम्हाला वाटेल. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात काढलेला माणूस कागदावर लिहायला बसला म्हणजे काहीतरी बिनसलंय, असं कुणालाही वाटेल. तसं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं उद्या कोणाकडे फिरत जाईल, सांगता येत नाही. आणि फोनवर तुम्ही “हो काका, बरं काका” म्हणता, मग मला पुढचं सुचत नाही. आधी बाबा म्हणायचात. तक्रार करत नाही. घटस्फोट झाल्यावर सासऱ्याला काय म्हणावं, हे कुठे छापलेलं नाही. पत्र मच्छिंद्रकडे देतोय. आमचा वॉचमन, तुमच्याच बिबवेवाडीत राहतो. आज घरी जाताना तुमच्या ऑफिसात देईल.

घरी ठीक आहे. मंदाकिनीचा गुडघा आहे तसाच आहे, जीभही आहे तशीच आहे. मी सकाळी कॅनॉलच्या रस्त्यानं फिरून येतो आणि येताना भाजी आणतो, ती तिला पसंत पडत नाही. मंडईतून तुम्ही आणायचात तसे सुरण आता कोणी आणत नाही, हे मला आठवड्यातून एकदा ऐकवलं जातं.

सृष्टीचं लिहायला हवं. डिसेंबरमध्ये ती लग्न करतेय, हैदराबादलाच, ऑफिसमधल्या एका मुलाशी. तुम्हाला तिनं आधीच कळवलंय आणि तुम्ही तिला शुभेच्छांचा मेसेजही केलात, असं म्हणाली. बरं वाटलं ऐकून. तुमचं दोघांचं काय आणि कुठे मोडलं, हे आम्ही तेव्हा विचारलं नाही, आताही विचारणार नाही. मुलगा चांगला आहे. हळू बोलतो, मंदाकिनीच्या आमटीला नावं ठेवत नाही, त्यामुळे ती जरा नाराज आहे. मला त्याच्यात काही खोट दिसत नाही. फक्त गणपतीत आला तेव्हा दिवाणावर खिडकीशी, तुमच्या जागी बसला, आणि मी उठून गॅलरीत गेलो. त्याला वाटलं, मला फोन आलाय.

तर हे असं. आता गच्चीचं.

परवा, आठ तारखेला, आमच्या इमारतीचा ताबा मिळून पाच वर्षं झाली. कायदा तुम्हाला पाठ आहे, तरी माझ्या समाधानासाठी लिहितो. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरनं तो स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा. आणि बिल्डर काय करतो, तर ज्या सबकॉन्ट्रॅक्टरनं ते काम केलं त्याच्या अंगावर ढकलतो. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा तुमचा बिल्डरशी जो करार होता, त्यातही हीच मुदत आणि हीच तारीख, हे तुम्हीच मला जेवताना सांगितलं होतंत. ती तारीख गेली. आमच्याकडून गच्चीबद्दल बिल्डरला कधी एक ओळही गेलेली नाही. ओळखीच्या वकीलबाईंना मी नाव न घेता विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, करार असा असेल तर बिल्डरला आता हे त्या माणसाच्या गळ्यात मारता येणार नाही. तुम्ही सुटलात.

हे आता का सांगतोय, तर जूनमध्ये काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. तुमचं आणि त्या बिल्डरचं फाटल्याचं कळलं होतं. त्यानं सोसायटीला पत्र धाडलं, की मुदतीच्या आत कुठेही गळती असेल तर लेखी द्या, मी गच्ची उखडून नवी करून देतो आणि सगळा खर्च मूळ कॉन्ट्रॅक्टरकडून कोर्टातून वसूल करतो. आमचे चेअरमन बापूराव खूश. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, “रावसाहेब, गच्चीखाली तुम्हीच. दर पावसाळ्यात गळतं तुमच्याकडे. लिहून द्या, फुकटात नवी गच्ची मिळतेय.”

मी म्हणालो, “यंदा नाही गळत.”

“पाऊस कुठे पडलाय अजून?”

“पडला तरी नाही गळणार,” मी म्हणालो. लोक हसले. हसू देत.

जुलैत पावसानं कहर केला तेव्हा तुमचा फोन आला. “काका, गच्चीचं काही आहे का?” मी म्हणालो, “ठणठणीत कोरडं आहे.” तुम्ही म्हणालात, “मग बरं झालं.” आणि यंदा तुम्ही आला नाहीत. बरोबरच आहे, तक्रार नाही तर कशाला याल.

दिग्विजय, कोरडं नव्हतं. तुम्ही फोन केलात तेव्हा झोपायच्या खोलीत कपाटावर परात ठेवलेली होती आणि मी ती ओतायला उठलो होतो. मंदाकिनीच्या चांगल्या साड्या भिजल्या. दोरीवर वाळत घालताना ती म्हणाली, “साड्या वाळतात. त्या पोराला कोर्टाच्या पायऱ्या नकोत.” शेजारचा फ्लॅट कोरडा आहे, ते मी पाहून घेतलं. गळतं ते आमच्याकडेच, त्यामुळे गप्प बसायचा अधिकारही आमचाच, असं मी ठरवलं.

ऑगस्टमध्ये बापूराव बिल्डरच्या इंजिनिअरला घेऊन थेट दारात. मंदाकिनीनं दोघांना हॉलमध्ये बसवून पोहे दिले. आतली खोली बघू म्हणाले, तर ही म्हणाली, “आत पाहुणे झोपलेत.” कोण पाहुणे? “माझी मावशी.” बापूराव म्हणाले, “वहिनी, तुमची मावशी अजून आहे?” ही म्हणाली, “आहे, आणि तिची झोप फार सावध आहे.” इंजिनिअरनं पोहे संपवले आणि ‘दोष आढळला नाही’ लिहून गेला. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. ते गेल्यावर आम्ही दोघं खूप हसलो, आणि मग मंदाकिनी म्हणाली, “दिग्विजयला सांगायला हवं होतं हे. तो किती हसला असता.” मी पोह्यांच्या बशा उचलून आत नेल्या.

का गळतं, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही. आपण ते कधी बोललो नाही. कोब्याचा थर झाल्यावर गच्चीवर कडेनं बांध घालून पाणी भरून ठेवायचं, आठवडाभर, आणि खाली कुठे ओल उतरते ते बघायचं, ही तुमची पद्धत. तुम्ही भरलं होतंत. पण दसऱ्याला ताबा मिळणार होता आणि हिला त्याच दिवशी वास्तुशांत हवी, जेवणावळ गच्चीवर हवी. तुम्ही म्हणालात, “आई, पाणी भरून चारच दिवस झालेत, आत्ता काढता येणार नाही.” ही म्हणाली, “मग पाहुण्यांना होडीत बसवू का?” तुम्ही हसलात, आणि स्वतः जाऊन पाण्याच्या वाटेतला बोळा काढलात. दुसऱ्या दिवशी त्याच गच्चीवर तुम्ही माझ्या भावांना आग्रह करकरून जिलब्या वाढल्यात. पुढे बिल्डरनं तुम्हाला दुसऱ्या साइटवर पळवलं आणि पाणी पुन्हा भरायचं राहिलं.

मी तक्रार लिहिली असती तर पहिला प्रश्न हाच आला असता, की पाण्याची चाचणी पूर्ण केली होती का. कागदावर ती तुमची चूक ठरली असती. सासूचं मन मोडवेना, हे कारण कुठल्या कोर्टात चालतं? म्हणून तुम्हाला फोनवर खोटं सांगितलं. तुम्हाला खरं कळलं असतं तर तुम्ही धावत आला असतात, गच्चीवर चढला असतात, आणि बापूरावांनी तेवढ्यावरून ओळखलं असतं.

तुम्हाला वाचवलं याचा आनंद आहे. पण या पावसाळ्यात तुमची फार आठवण आली. घटस्फोटानंतरचे पहिले दोन्ही पावसाळे तुम्ही आलात. वर काम करायचात, हातोडीच्या मुठीनं कोबा ठोकून पोकळ कुठे वाजतो ते मला ऐकायला लावायचात, मग खाली येऊन हिची थालीपीठं खायचात आणि दिवाणावर घोरायचात. आम्ही टीव्ही बंद करायचो. मला मुलगा नाही. असता तर असाच घोरला असता, असं मला वाटायचं. हे मी तुम्ही जावई असताना बोललो नाही. तेव्हा बोलायची गरज वाटली नाही.

शनिवारी दसरा आहे. सृष्टी येणार नाहीये, आम्ही दोघंच आहोत. दुपारी जेवायला या. माणसं आणू नका, सामान आणू नका, गच्चीकडे बघूही नका. गळतीचं काम दिवाळीनंतर मी दुसऱ्या कोणाकडून करून घेणार आहे, ठरवून टाकलंय. रागावू नका. तुम्ही हत्यारं घेऊन आलात तर मला पुन्हा कळणार नाही, की तुम्ही गच्चीसाठी आलात की आमच्यासाठी. गेली दोन वर्षं मला हेच कळलेलं नाही.

आता कायद्यानं आमचा तुमच्यावर हक्क राहिला नाही, आणि डिसेंबरनंतर नात्यानंही कोणी तो धरू देणार नाही. तुम्ही नाही आलात तर तुम्हाला कोणी जाब विचारणार नाही, मी तर नाहीच. तरी मंदाकिनी तीन पानं मांडणार आहे.

तुमची वाट पाहणारा,
रावसाहेब